तीन महिन्यांचा बादशहा

परवा विक्रोळीत टागोरनगरच्या सोनाराने माझा रुपया काट्यावर टाकला आणि सहज विचारलं, "आटवायचा का?" पोटात गोळाच आला! 11.4 ग्रॅम भरला. म्हणजे वजन तरी मुघल रुपयाचं. हुश्श...

छंदच विचित्र आहे माझा. अकबर, औरंगजेब यांची नाणी ढिगाने मिळतात. मला हवे असतात गादीवर नीट टेकायच्या आत उठवले गेलेले. हा रुपया आझमशहाचा. मार्च 1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) वारला आणि हा मुलगा तिथेच बादशहा झाला. आपल्याला तो आठवतो तो शाहू महाराजांमुळे. उत्तरेकडे निघालेल्या त्याच्याच छावणीतून ते मे महिन्यात सुटले. जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊला थोरल्या भावाशी, मुअज्जमशी लढताना आझम मारला गेला. संपलं! पण तेवढ्यात नाणी पाडून झाली होती. त्यांवर राज्यवर्ष एकच, 'अहद', म्हणजे पहिलं.

"तीन महिन्यांच्या राजापायी घराचा एक हप्ता?" इति बायको.

पण नाण्यावरच्या नावाची किंमत बघायची तर धाकटा कामबक्ष बघा. तो विजापूर-हैदराबाद धरून, स्वतःच्या नावाची नाणी पाडून बसलेला. मुअज्जम आता बहादूरशहा झाला होता. त्याने 1708 मध्ये कळवलं, दोन्ही सुभे ठेव, फक्त नाणं आणि खुत्बा माझ्या नावाचा. मला तर सरळ फायद्याचा सौदा वाटतो! कामबक्षला नाही वाटला. जानेवारी 1709 मध्ये हैदराबादजवळच्या लढाईत जखमी होऊन तो गेला.

हसायचा अधिकार मला नाही म्हणा. 2012 साली नोकरी सोडून आम्ही तिघा मित्रांनी कंपनी काढली होती. पहिला ग्राहक मिळायच्या आधी व्हिजिटिंग कार्डं छापली. पाचशे! नावाखाली 'संस्थापक'. चौथ्या महिन्यात एका मोठ्या कंपनीने विचारलं, तुमचं सॉफ्टवेअर आमच्या नावाने विकू का? आम्ही ताठ मानेने नाही म्हणालो. सातव्या महिन्यात दुकान बंद. चारशेवर कार्डं अजून घरात आहेत.

असो. रुपया अस्सल आहे का, हा प्रश्न उरतोच, कारण वजन बनावटवालेही जुळवतात. रोमन साम्राज्यातून फुटलेल्या गॉलमध्ये 271 च्या सुमारास डोमिशियानस नावाचा एक बंडखोर सम्राट होऊन गेला. त्याचं एक नाणं 1900 साली फ्रान्समध्ये सापडलं, तर बऱ्याच तज्ज्ञांना ते खोटं वाटलं. 2003 मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डशायरच्या शेतात हजारो नाण्यांनी भरलेलं मडकं निघालं आणि त्यात दुसरं मिळालं, अगदी त्याच छापाचं. बिचाऱ्याला शंभर वर्षं थांबावं लागलं.

मी सध्या जुन्या संग्रहांच्या कॅटलॉगमधले आझमचे रुपये मोठे करकरून बघतोय, माझ्या छापाचा जोडीदार मिळतो का ते. तोवर रुपया कार्डांच्या डब्यात ठेवलाय.