बिबट्या, मॅग्नम आणि रात्रीची लाइट



उसात कुठं ठसा दिसला की आपल्याकडच्या ग्रुपवर दोन गोष्टी ठरलेल्या. एक, कुठला तरी जुना व्हिडिओ. दोन, "आम्हाला बंदुकीचं लायसन द्या." परवा एका पोरानं थेट ४५८ विन्चेस्टर मॅग्नम रायफलीचा फोटो टाकला. म्हणे एका गोळीत विषय संपला पाहिजे.

हे काडतूस १९५६ साली आलं, आफ्रिकेतल्या हत्ती-रानम्हशींसाठी. गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे ३२ ग्रॅमच्या वर. पोलिसांची जुनी ३०३ आठवते ना? तिची गोळी साधारण ११ ग्रॅमची. म्हणजे वजन जवळपास तिप्पट, दणका दुप्पट. आणि बिबट्या? चांगला नर असला तरी ७० किलोच्या आसपास, कातडी पातळ. त्याच्या आरपार गेलेली गोळी थांबणार कुठं? उसाच्या पलीकडं तोडकऱ्यांच्या कोप्या असतात.

रुद्रप्रयागच्या बिबट्यानं १२५ माणसं खाल्ली होती. जिम कॉर्बेटनं १९२६ साली तो मारला, तो २७५ रिग्बीनं. त्यामानानं हलकीच रायफल. पण त्याआधी कित्येक रात्री जागून काढल्या होत्या.

लांब कशाला, २०२० चा डिसेंबर आठवा. करमाळा तालुक्यात फुंदेवाडी, अंजनडोह, चिखलठाण. काही दिवसांत तीन जीव गेले. शेवटी १८ डिसेंबरला वांगीच्या शिवारात आपल्या अकलूजच्या डॉ. धवलसिंह मोहिते-पाटलांनी त्याला टिपलं. तेही परवानगी घेऊन. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम ११ आहे. जनावर माणसाच्या जिवावर उठलंय आणि पकडता, बेशुद्ध करता येत नाही, अशी खात्री झाली तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देतात. लायसन खिशात आहे म्हणून कुणी उसात शिरून गोळी घालू शकत नाही.

आता माझं सांगतो. माझं रान नीरेकाठी. रात्रीची पाळी आली की दोन वाजता मोटार चालू करायला जावं लागतं. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात दारं मोडायचं खोरं. बंदूक धरू कुठल्या हातानं? आणि वाकून दारं मोडणारा माणूस अंधारात बिबट्याला माणूस वाटतच नाही, बुटकं जनावर वाटतं. बंदूक काढेपर्यंत तो मानेवर असतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पिकाला पाणी द्यायला थ्री फेज लाइट दिवसा द्या. ठसा दिसला त्याच दिवशी पिंजरा आणि माणसं पाठवा. तीन जीव जाईस्तोवर थांबू नका.

त्या रायफलीच्या फोटोखाली शंभरावर कमेंट आल्या. दिवसाच्या लाइटवर एकही नाही. आपापल्या ग्रामसभेत एवढा ठराव तरी घ्या राव. आणि रात्री रानात एकटं जाऊ नका.