बंद पडली तर

गाडीचं बॉनेट गरम होतं.

सकाळचे साडेसात वाजले होते. आदल्या रात्री मी मालकांना तीनदा सांगितलं होतं, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, थंड इंजिन कसं चालू होतं ते बघायचंय. "अहो, बिनधास्त या," म्हणाले होते. आणि आता बॉनेटवर तळहात टेकवत नव्हता. "सोसायटीच्या पार्किंगमधून बाहेर काढली जरा," ते म्हणाले. तेवढ्यानं बॉनेट इतकं तापत नाही, हे मला कळत होतं. तरी मी गप्प बसलो, कारण मला ती गाडी हवी होती.

२०१६ ची, सात सीटची, डिझेल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. १ लाख १२ हजार किलोमीटर पळालेली. नवी होती तेव्हा तीस लाखांच्या घरात, आता साडेअकरा लाख. एवढ्या पैशांत शोरूममधून अशी नवी गाडी येत नाही. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हे गणित जवळपास सगळ्याच मोठ्या जुन्या गाड्यांचं आहे: गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. साडेअकरा लाखांच्या गाडीचा इंजेक्टर तीस लाखांच्याच गाडीचा असतो. असे चार असतात. टर्बो वेगळा, गिअरबॉक्स वेगळा. याच मॉडेलचा गिअरबॉक्स लाखाच्या पुढे त्रास देतो, असं मला दोन मेकॅनिकनी सांगितलं होतं. त्यातला एक म्हणाला, "साहेब, घ्यायची तर घ्या, पण दोन लाख बाजूला ठेवूनच घ्या."

बाजूला ठेवायला माझ्याकडे चाळीस हजार होते.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. "आपण दोघं. वर्षातून पाच-सहा वेळा गावाला जातो. सात सीट कशाला?" मी तिला ग्राउंड क्लिअरन्स सांगितला, सुरक्षितता सांगितली, आरसी २०३१ पर्यंत आहे हेही सांगितलं. खरं कारण सांगितलं नाही, कारण ते मला स्वतःलाही नीट मांडता येत नव्हतं.

ते कारण म्हणजे आप्पांची जीप.

माझ्या लहानपणी आप्पा दहिवडी-म्हसवड रस्त्याला वडाप करायचे. जीप नऊ-दहा जणांची, बसायचे वीस. मागे पायरीवर दोघं-तिघं लटकलेले, टपावर पोती, कोंबड्या, एकदा तर आख्खं कपाट. मी पुढं आप्पांच्या आणि गिअरच्या मध्ये. बंद पडली, की आप्पा उतरायचे आणि ती चालू व्हायची. डिझेलच्या टाकीला चीर गेली, तर अंगाचा साबण घासून बुजवायचे. एअर घेतली, तर हातपंप मारून हवा काढायचे. पाटा तुटला, तर लाकडाचा ठोकळा बांधून घरी आणायचे. मला वाटायचं, माझ्या बापाला जगातलं काहीही दुरुस्त करता येतं.

मी बारा वर्षांचा असताना इंजिन कामाला आलं. फायनान्सचे हप्ते थकलेले होते. जीप गेली. त्या संध्याकाळी मी रडून घर डोक्यावर घेतलं आणि आप्पा जेवून गाढ झोपी गेले. त्यांच्या घोरण्याचा आवाज मला आठवतो. एवढं झालं आणि या माणसाला झोप कशी लागते, याचा मला कितीतरी दिवस राग होता. पुढं आप्पा शाळेची बस चालवू लागले. जीपचा विषय घरात निघाला नाही.

म्हणून मी ठरवलं होतं, की आपली पहिली गाडी मोठी घ्यायची आणि तिचं स्टिअरिंग आधी आप्पांच्या हातात द्यायचं. गाडी बघायला त्यांना मुद्दाम पुण्याला बोलावलं ते त्यासाठी.

मी लॅपटॉपवाला माणूस, माझी पद्धत माझी. डॅशबोर्डखालच्या पोर्टला स्कॅनर लावला आणि फोनवर बघितलं. एकही एरर कोड नाही. मालक खूष. पण त्या पोर्टमधून आणखी एक आकडा वाचता येतो: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर धावली. तो होता १४.

म्हणजे काल-परवापर्यंत काहीतरी दिसत होतं आणि ते कुणीतरी पुसलं होतं.

"बॅटरी बदलली ना परवा," मालक म्हणाले. "म्हणून झालं असेल ते." हे होऊ शकतं. काही गाड्यांमध्ये बॅटरी काढली की ही माहिती शून्यावर येते. मला हायसं वाटलं. माणसाला घ्यायचंच असलं, की तो समोरच्याचा वकील होतो.

आप्पा तोवर एक शब्द बोलले नव्हते. ते पुढं झाले, बॅटरीच्या टर्मिनलवरून अंगठा फिरवला आणि मला दाखवला. पांढरी-हिरवी भुकटी.

"ही बॅटरी वरीसभर कुणी हलवलेली न्हाय," ते म्हणाले. मालकांना नाही, मला. आवाज न चढवता.

चक्कर मारायची उरली नव्हती, तरी मारली. गाडी भारी होती, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का बसला. आप्पा चालवायला बसले नाहीत. "तूच चालव," म्हणाले.

नंतर टपरीवर चहा घेताना मी माझं शिक्षण काढलं. रिलायबिलिटी आम्हाला विषय होता. एखाद्या यंत्रात वीस भाग आहेत, त्यातला कुठलाही एक गेला तरी यंत्र थांबतं आणि प्रत्येक भाग वर्षभर न बिघडण्याची शक्यता ९९ टक्के आहे असं धरलं, तर आख्खं यंत्र वर्षभर न थांबण्याची शक्यता ८२ टक्क्यांवर येते. आणि गाडीला एकच वय नसतं. पत्रा तरुण असतो, तेव्हा रबरी होज म्हातारे झालेले असतात. मी आप्पांना विचारलं, "घरी बसून मी हे सगळं एक्सेलमध्ये मांडलंय. पण तुम्हाला काय वाटतं?"

आप्पांनी बशी खाली ठेवली.

"गाडी बंद पडती, त्याचं काय न्हाय. सगळ्याच पडत्यात. पडली तर खिशात काय आहे आन् गाडीत कोण बसलंय, एवढंच बघायचं असतंय." थोड्या वेळानं म्हणाले, "जीप व्हती तवर मी रात्री आवाज ऐकायचो. झोपेत. उद्या काय तुटंल, हप्ता कुठनं भरायचा. गेली त्या रात्री झोप लागली बघ. लई वर्षांनी."

मला काही बोलता येईना.

महिन्यातला एक आठवडा माझी ऑन-कॉल ड्यूटी असते. सर्व्हर पडला, की रात्री अडीचलाही फोन वाजतो. त्या आठवड्यात मी नीट झोपत नाही. फोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटतो. पण सोमवारी ड्यूटी दुसऱ्याकडे जाते. शिवाय तो सर्व्हर माझा नाही, त्याचे हप्ते मी भरत नाही. आप्पांची ड्यूटी कधी कुणाकडे गेली नव्हती. मी ज्याला त्यांची हिकमत समजत होतो, तो साबण, तो ठोकळा, ते सगळं नवीन पार्टला पैसे नव्हते म्हणून होतं. आणि मी साडेअकरा लाखांत, त्यातले सात लाख कर्जाचे, तीच झोप उडवून घ्यायला निघालो होतो. त्यात या गाडीला साबण चालत नाही. आजकालच्या डिझेल इंजिनात इंधनाचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. रस्त्याच्या कडेला बंद पडली, की टो करणाऱ्याची वाट बघण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

मालकांचा दोन दिवसांनी मेसेज आला: "पावणेअकरा. फायनल." पंचाहत्तर हजार उतरले होते आणि माझं मन पुन्हा हललं, हे कबूल करतो. पावणेअकरा आणि माझे चाळीस हजार असं गणित मी परत एकदा मांडलं. मग "नको, धन्यवाद" एवढं टाइप केलं आणि पाठवायच्या आधी बराच वेळ त्याकडे बघत बसलो. शेवटी पाठवलं.

आता बाजूला टाकायचे पैसे दर महिन्याला बाजूला टाकतोय. दोन लाख झाले की परत बघू, असं बायकोला सांगितलंय. ती म्हणते, तोवर तुझं मत बदलेल. बदलेलही.

आप्पांना परत सोडायला स्वारगेटला गेलो. मी म्हणालो, दिवाळीला भाड्यानं गाडी घेऊन येतो, म्हणजे आपल्याला सगळ्यांना फिरता येईल. आयुष्यभर एसटीचे प्रवासी पळवलेला हा माणूस खिडकीत बसून हसला.

"एसटीनंच ये," म्हणाला. "ती बंद पडली तर आपली नसती."