ॲव्हरेज किती देते?



मराठी माणसाला कुठलीही दुचाकी दाखवा, तो पहिला प्रश्न किंमतीचा विचारेल आणि दुसरा ॲव्हरेजचा. आमच्या जुन्या होंडा गोल्डविंगला मंडळाच्या गणेशोत्सवापासून उन्हाळ्याच्या पिकनिकपर्यंत सगळीकडे हाच प्रश्न येतो. आम्ही "पस्तीस" म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. गॅलनला पस्तीस मैल म्हणजे लिटरला जेमतेम पंधरा किलोमीटर. गावाकडच्या स्कूटरच्या मानाने हे काहीच नाही, आणि इथल्या नव्या हायब्रिड कॅमरीपेक्षाही कमीच. मग एवढा ८०० पौंडांचा हत्ती पाळायचा कशाला, हा पुढचा प्रश्न बहुतेक जण सभ्यपणे गिळतात.

गेल्या वर्षभरात आपल्या चार-पाच कुटुंबांनी जुन्या टूरिंग बाइक घेतल्या किंवा घ्यायच्या ठरवल्या. त्यांचे तेच तेच प्रश्न आल्यामुळे संपादकांनी आम्हांला हे लिहायला बसवलं. आम्ही पोटासाठी रसायनशास्त्र करतो, मेकॅनिक नाही. पण गाडीतल्या निम्म्या भानगडी रसायनांच्याच असतात, म्हणून धीर केला.

आधी गाडीची ओळख. १९९८ चं मॉडेल, सहा सिलिंडर, १५२० सीसी. गोल्डविंगचं हे रूप १९८८ मध्ये आलं आणि २००१ मध्ये १८०० सीसीच्या नव्या गाडीने त्याची जागा घेतली. आमची गाडी कोलंबसपासून तासाभराच्या आत असलेल्या मेरिसव्हिलला बनली. तिथल्या कारखान्यात १९८० पासून २००९ पर्यंत गोल्डविंग तयार होत असे. म्हणजे या ओहायोत ती मूळची आणि आम्ही उपरे. तिला इंजेक्शन नाही, कार्ब्युरेटर आहेत. साखळी नाही, शाफ्ट आहे. मागे घ्यायला स्टार्टरच्या मोटरवर चालणारा रिव्हर्स आहे, तो मात्र पिकनिकला सगळ्या पोरांना दाखवावा लागतो.

घेताना सौ. ने एकच अट घातली होती. "आकडे दाखव, मग मागे बसते." तिचं म्हणणं असं की गाडीवाले लोक ॲव्हरेज सांगताना मुलाचे मार्क सांगतात तसे सांगतात. म्हणून डिकीत एक वही आली. प्रत्येक वेळी टाकी भरली की तारीख, मैल, गॅलन, रस्ता, वारा आणि एकटे की दोघं एवढं लिहायचं. त्या वहीतून निघालेले खरे आकडे असे:

एकट्याने, गावाबाहेरच्या रस्त्याने, ताशी ५५ मैलांनी: ४१ ते ४२.
दोघं, सामानासकट, इंटरस्टेटवर ७० ने: ३५ ते ३६.
तेच ओझं, पण ७५ च्या वर आणि समोरून वारा: ३१.
शहरात, सिग्नलला थांबत थांबत: ३३.
ब्लू रिज पार्कवेवर, दोघं, ४५ च्या मर्यादेत: ४४.

शेवटचा आकडा पाहून पुष्कळांना नवल वाटतं. डोंगरात चढउतार असून ॲव्हरेज जास्त कसं? कारण हवा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५ वरून ८० वर गेलात तर वेग पाव हिश्श्यापेक्षाही कमी वाढतो, पण हवेचा विरोध दीडपट होतो. एवढी मोठी काच आणि पेट्या घेऊन हवा कापायची तर पेट्रोल जाणारच. चढावर गेलेलं थोडंफार उतारावर परत मिळतं, वाऱ्याला दिलेलं मिळत नाही.

ॲव्हरेज काढण्याची रीतही नीट असावी. काटा बघून अंदाज करू नये. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून टाकी दर वेळी एकाच खुणेपर्यंत भरावी आणि तीन-चार टाक्यांची बेरीज घ्यावी. सगळे मैल भागिले सगळे गॅलन. समजा जाताना १२० मैलांना ३ गॅलन लागले, येताना वाऱ्यामुळे ४. चाळीस आणि तीसची सरासरी पस्तीस नव्हे. २४० ला ७ ने भागा, ३४.३ येतं. फरक लहान आहे, पण फुशारक्या अशाच लहान फरकांवर उभ्या राहतात. इंग्लंडहून आलेल्या पाहुण्यांचे आकडे ऐकतानाही जपावं. त्यांचा गॅलन साडेचार लिटरचा, आपला पावणेचार लिटरचा. त्यांची गाडी काही जादूची नसते.

आता हा आकडा वापरायचा कसा? प्रवासाची आखणी नेहमी वाईटातल्या वाईट आकड्यावर करावी. टाकी सुमारे सहा गॅलनची. एक गॅलन नाहीच असं समजायचं. पाच गुणिले ३१ म्हणजे १५५. म्हणून १५० मैल झाले की पंप, मग काटा काहीही म्हणो. ब्लू रिज पार्कवे ४६९ मैलांचा आहे आणि त्या रस्त्यावर एकही पंप नाही, खाली गावात उतरावं लागतं. (जायचा बेत असेल तर नॅशनल पार्क सर्व्हिसकडून कोणता भाग उघडा आहे ते आधी पाहा. २०२४ च्या सप्टेंबरमधल्या हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातल्या भागाची फार नासधूस केली.)

पेट्रोलमधल्या अल्कोहोलबद्दलही विचारणा होते. इथल्या बहुतेक पंपांवर १० टक्के इथेनॉल असतं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा, म्हणजे दहा टक्क्यांमुळे ॲव्हरेज सुमारे तीन टक्के उतरतं. पस्तीसचं चौतीस. इथे ते मक्याचं, आमच्या सांगलीकडे उसाचं. भारतात आता २० टक्क्यांपर्यंत गेल्यामुळे फोनवर बाबांचीही तीच तक्रार असते.

खरा त्रास गाडी उभी राहते तेव्हा होतो. इथेनॉल पाणी ओढतं. पेट्रोलचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट डिंक तयार होतो आणि कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या भोकात जाऊन बसतो. म्हणून नोव्हेंबरात गाडी झाकण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरावी, स्टॅबिलायझर घालावं आणि दहा मिनिटं गाडी चालवावी, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून झाकण लावणं म्हणजे औषध आणून कपाटात ठेवणं.

आता मूळ मुद्दा. वही कशासाठी, तर पैशांसाठी नव्हे. वर्षाला चार-पाच हजार मैल फिरणाऱ्याला दोन मैलांच्या फरकाने कितीसे डॉलर वाचणार? ॲव्हरेज हा गाडीचा थर्मामीटर आहे.

मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही तीन शनिवार लागोपाठ कोलंबस ते अथेन्स असे यूएस ३३ ने जाऊन आलो. दोघं, तेच सामान, तोच पंप. पहिल्यांदा ३६, मग ३४, मग ३१. वारा नव्हता. सौ. ने पंपावरच वही पुढे केली आणि म्हणाली, "हे उतरतंय. पुढच्या आठवड्यात डोंगरात जायचं असेल तर आधी हे सांग." गाडी चालवताना काहीही जाणवत नव्हतं. आवाज नाही, धूर नाही.

घरी येऊन क्रमाने पाहिलं. टायरची हवा बरोबर. एअर फिल्टर स्वच्छ. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवलं. शाफ्टमुळे ते थोडं जड फिरतंच, पण हे अर्धा फेरा होऊन थांबत होतं. गल्लीत एक चक्कर मारून, ब्रेक जवळजवळ न वापरता परत आलो आणि मागच्या डिस्कवर पाण्याचा थेंब टाकला. तव्यावर उडावा तसा उडाला. ब्रेक सुटतच नव्हता. कॅलिपरच्या पिना कोरड्या पडून अडकल्या होत्या आणि ब्रेक फ्लुइड टपरीवरच्या चहाच्या रंगाचं झालं होतं. गाडी आम्ही आदल्याच वर्षी घेतली होती आणि ज्या दुकानातून घेतली त्यांच्या पावतीवर "ब्रेक फ्लुइड बदललं" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ताजं फ्लुइड फिकट पिवळसर, जवळजवळ पाण्यासारखं असतं. वर्षात त्याचा चहा होत नाही.

हे किती गंभीर ते रसायनशास्त्राच्या भाषेत सांगतो. डॉट ४ फ्लुइड हे ग्लायकॉल ईथरचं असतं आणि तेही हवेतलं पाणी शोषतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस, पण पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की प्रमाणानुसार १५५ पर्यंत उतरलेला चालतो. घासणाऱ्या ब्रेकची उष्णता फ्लुइडपर्यंत पोचली की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाखालचं पेडल मऊ होतं आणि ब्रेक लागत नाही. या गाडीत त्याच पेडलवर मागचा आणि पुढच्या डाव्या बाजूचाही ब्रेक आहे. फॅन्सी गॅपचा उतार, मागे बायको, आणि पाय रिकामाच खाली जातो. त्या रात्री आम्ही दोघं त्यावर फारसं बोललो नाही.

दुरुस्तीला सामान लागलं ते असं: एक फ्लुइडची बाटली, पाना, पारदर्शक नळी, सिलिकॉन ग्रीस आणि जुनी धोतरं-पंचे मिळत नाहीत म्हणून जुने टी शर्ट. पिना साफ करून ग्रीस लावलं, पेडलची आणि हाताच्या लिव्हरची सगळी लाइन नव्या फ्लुइडने धुऊन काढली. क्लचही याच फ्लुइडवर चालतो, तोही बदलला. शनिवारची एक दुपार गेली. पुढच्या टाकीला ३६ आलं. सौ. ने त्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला आणि हेल्मेट काढून ठेवलं, जायच्या तयारीत.

दुकानात का नेली नाही, असं कोणी विचारेल. आमच्या भागातल्या एका मोठ्या दुकानाने वीस वर्षांपेक्षा जुनी बाइक घेत नाही असं सांगितलं. इथे हे सर्रास ऐकायला मिळतं, सुटे भाग आणि जबाबदारी दोन्ही त्यांना नको असतात. म्हणजे जुनी टूरिंग गाडी घेणं म्हणजे हात काळे करायला तयार होणं. फोनवर बाबा म्हणाले, "एवढी पीएचडी करून शेवटी गॅरेजच?" आम्ही म्हटलं, "बाबा, चेतकचा प्लग पॉलिशपेपरने घासून, स्कूटर कलती करून किक मारायला कोणी शिकवलं?" पलीकडे हसू आलं.

नवीन घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. जुनी गाडी घरी आली की पावत्या बाजूला ठेवा आणि सगळे द्रव स्वतः बदला: इंजिन ऑइल, ब्रेक, क्लच, कूलंट, मागच्या गिअरचं तेल. या गाडीचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून मोटरसायकलचं, जॅसो एमए लिहिलेलं ऑइल घाला, कारचं नको. कूलंट गोड असतं आणि विषारी असतं, सांडलेलं लगेच पुसा, मुलं आणि कुत्री लांब ठेवा. काढलेलं ऑइल गटारात नको, पुष्कळ ऑटो पार्टची दुकानं ते फुकट घेतात. टायरवर डॉटच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. टायमिंगचे दोन रबरी पट्टे कधी बदलले ते कळलं नाही तर बदलूनच घ्या, तुटले तर इंजिनच जातं. टायर चढवणं आणि बेअरिंग ही कामं आम्ही जाणकाराकडे देतो. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मंडळाच्या पिकनिकला आम्ही हवेचं गेज, पारदर्शक नळी आणि टॉर्क रेंच घेऊन येणार आहोत. बाइक असो, कार असो, सगळ्यांच्या टायरची तारीख मिळून वाचू. ज्यांना ब्रेक फ्लुइड बदलायला हात हवा असेल त्यांनी एक शनिवार सांगावा. चहा तुमचा, चिंध्या आमच्या. तोवर पुढच्या वेळी टाकी भराल तेव्हा पावतीच्या मागे मैल तेवढे लिहून ठेवा.

— आपला एक स्वयंसेवक