कंत्राटी माणसाचा शेवटचा हप्ता

शाळेला प्रोग्रामर रोज लागत नाही. निकालाचं सॉफ्टवेअर एकदा करून घ्यायचं असतं, म्हणून माणूस कंत्राटावर घेतात. आमच्या संस्थेनेही असाच एक तरुण घेतला. पैसे तीन हप्त्यांत ठरले. करारात कामाचं वर्णन मात्र एका ओळीचं होतं: मराठी व उर्दू गुणपत्रके आणि निकालयादी.

करार झाला तेव्हा मी समितीत नव्हते. दोन्ही भाषा शिकवते म्हणून तपासायला बोलावलं. मराठी यादी ठीक होती. उर्दू यादीत मात्र परवीन वहिदाच्याही खाली गेली होती. उर्दू वर्णमालेत 'पे' हे 'बे'च्या पाठोपाठ येतं, 'वाव' शेवटाकडे. पण युनिकोडमध्ये मूळ अरबी अक्षरांचे क्रमांक आधी येतात. पे, चे, टे यांचे त्यानंतर. उर्दूचा क्रम वेगळा सांगितला नाही, तर यंत्र त्या क्रमांकांनुसारच नावं लावतं.

समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "काम अर्धवट आहे, शेवटचा हप्ता थांबवा. उर्दू म्हटलं की क्रम आलाच."

"आपल्याला आला, साहेब. त्याला उर्दू वाचता येत नाही," मी म्हटलं.

बी.एड. करून मी शिक्षणसेवक म्हणून लागले, तेव्हा माध्यमिकला महिना ४००० रुपये मानधन होतं आणि मुदत तीन वर्षांची. ते लांबलं की किराणा दुकानावरून जाताना मान खाली जायची. कंत्राटी माणसाचे पैसे अडवणं सोपं असतं. त्याच्यामागे ना संघटना, ना सेवापुस्तक. म्हणूनच अडवण्याआधी आपण नेमकं काय मागितलं होतं, ते वाचून बघावं.

बरीच चर्चा होऊन ठरलं: हप्ता लगेच द्यायचा, क्रमाचं काम वेगळ्या कागदावर, वेगळ्या पैशांत. तो कागद मी केला. वीस नावं योग्य क्रमाने लिहिली; यादी हुबेहूब तशी आली की काम पूर्ण. वादाला जागाच उरली नाही.

त्याच कागदावर आणखी एक कलम घातलं: सोर्स कोड आणि त्याचे हक्क संस्थेकडे. कॉपीराइट कायदा, १९५७ संगणकाच्या प्रोग्रामला साहित्यकृतीच मानतो, हे वाचून भाषेच्या शिक्षिकेला मौज वाटली. नोकरीत लिहिलेला प्रोग्राम मालकाचा. कंत्राटावर लिहिलेला, वेगळा करार नसेल तर, लिहिणाऱ्याचा. नुसते पैसे देऊन हक्क मिळत नाही, सहीचा कागद लागतो.

पुढच्या वर्षी गुणपत्रकाचा नमुना बदलला, तर आता कोणालाही काम देता येईल. माझं मत विचाराल, तर त्याच मुलाला बोलवावं. 'पे' कुठे बसतं, ते आता त्याला ठाऊक आहे.