शिखर आणि सवड

पर्वत कोणाला अडवीत नाही, असे सहज म्हटले जाते. अडविणाऱ्या गोष्टी पर्वतापासून पुष्कळ दूर, शहरात आणि घरात असतात.

1857 साली लंडनमध्ये अल्पाइन क्लबची स्थापना झाली. गिर्यारोहकांची ही जगातील पहिली संस्था. वकील, धर्मोपदेशक, प्राध्यापक अशा सुशिक्षित आणि सुस्थित मंडळींचा तिच्यात भरणा होता. त्यांच्याजवळ धाडस होतेच. पण उन्हाळ्याची लांब सुटी आणि स्वित्झर्लंडपर्यंतच्या प्रवासाचा पैसाही होता. त्यांना वर नेणारे वाटाडे मात्र पायथ्याच्या खेड्यांतील शेतकरी आणि शिकारी असत. बर्फात पायऱ्या खोदणारा हात एकाचा आणि वृत्तांत लिहिणारा हात दुसऱ्याचा, अशी ही वाटणी होती. स्त्रियांना तर क्लबचे दारच बंद. ल्युसी वॉकर 1871 सालीच मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोहोचली होती, तरी 1907 साली स्त्रियांना आपला वेगळा क्लब काढावा लागला आणि मूळ संस्थेत प्रवेश मिळण्यास 1970 नंतरचा काळ उजाडला.

कामगारवर्गाची कथा अधिक बोलकी आहे. मँचेस्टर आणि शेफिल्ड या धुराने काळवंडलेल्या गावांच्या मधोमध किंडर स्काउटचे मोकळे पठार आहे. कारखान्यातील तरुणांना आठवड्यातून एक रविवार मिळे, आणि त्या रविवारी ते पठार त्यांना बंद असे. कारण तेथे जमीनदारांच्या शिकारीसाठी रानपक्षी राखलेले होते. वर्षातील मोजक्या दिवसांच्या शिकारीसाठी हजारोंची वाट अडविली जाई. 24 एप्रिल 1932 रोजी काही शे तरुण बंदी झुगारून वर चढले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास घडला. पुढे 1951 साली ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, ते याच भागात.

त्याच मँचेस्टरमधील गरीब वस्तीत जो ब्राउन वाढला. बांधकामाची आणि नळदुरुस्तीची कामे करणाऱ्या या मुलाने आईच्या कपडे वाळत घालण्याच्या टाकाऊ दोरीवर कडे चढण्यास सुरुवात केली. 1955 साली कांचनगंगेवर पहिले पाऊल पडले, तेव्हा ब्राउनसोबत एकाच दोराला बांधलेला होता केंब्रिजमध्ये शिकलेला जॉर्ज बँड. सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाखातर दोघेही माथ्याच्या काही फूट खाली थांबले. वर्गभेदाच्या दृष्टीने त्या दोराचे महत्त्व शिखराहून कमी नव्हते.

हिमालयात हा भेद इतक्या सहजी मिटला नाही. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिमलोटाने सात हमाल गेले. त्यांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत? तेनसिंग नोर्गे यांनीही 1935 साली हमाल म्हणूनच आरंभ केला होता. साहसवीर एक-दोनदा ज्या धोक्याच्या हिमप्रपातातून जातो, त्यातून ओझेवाल्याला एका हंगामात कितीतरी फेऱ्या माराव्या लागतात. एकासाठी ती हौस, दुसऱ्यासाठी मुलांच्या शाळेची फी. 18 एप्रिल 2014 रोजी तेथेच सोळा नेपाळी कामगार गाडले गेले. सरकारने प्रत्येक कुटुंबाला प्रथम देऊ केलेली रक्कम होती चाळीस हजार नेपाळी रुपये. शेर्पांनी संतापून काम थांबविले आणि त्या बाजूचा हंगामच बंद पडला. 2021 च्या जानेवारीत ऐन हिवाळ्यात के-2 प्रथम सर झाले. माथ्यावर पोहोचलेले दहाही जण नेपाळी होते आणि शेवटची पावले त्यांनी एकत्र टाकली. तेथे ओझे वाहणारा कोणी वेगळा नव्हता.

महाराष्ट्रातही 2018 साली चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठले. अंगातील बळ त्यांच्याजवळ आधीही असणारच. नव्हते ते प्रशिक्षण, बूट आणि खर्च उचलणारा कोणी. आदिवासी विकास विभागाने ती उणीव भरून काढली.

सह्याद्रीत एव्हरेस्टइतका पैसा लागत नाही. एसटी किंवा लोकलचे तिकीट, बरे बूट आणि पायथ्याच्या वाडीत पिठले-भाकरी एवढ्यावर गड होतो. तरीही शनिवारी रात्री निघणाऱ्या गटांकडे पाहावे. नोकरदार आणि महाविद्यालयीन मंडळी पुष्कळ असतात, मुलीही आता मोठ्या संख्येने असतात, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. पण दुकानात मापे काढणारा नोकर त्यांत क्वचितच दिसतो; बाजारपेठेची सुटी सोमवारी किंवा गुरुवारी, आणि गट निघतात रविवारसाठी. चाळिशी ओलांडलेली गृहिणी तर त्याहून दुर्मीळ. तिच्या सुटीचा वार अजून कोणत्याच घरात ठरलेला नाही. रविवारी उलट सगळे घरी असतात आणि स्वयंपाक वाढतो.