वहीत न दिसणारे देणे

व्यापारी घराण्यात हिशेब हा संस्कारच असतो. गोदामातील मालाचा आगीचा विमा वर्षाच्या वर्षाला भरला जातो, ट्रकने रवाना होणाऱ्या मालाचाही उतरवला जातो. मात्र त्याच पेढीवरून वसुलीला जाणाऱ्या दुचाकीच्या विम्याची मुदत केव्हा संपली, हे पुष्कळदा ना मालकाला ठाऊक असते ना मुनिमाला. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागू लागला. सहाव्या वर्षी मात्र ती काळजी मालकालाच वाहावी लागते, आणि विस्मरण होते ते तेथेच.

या विस्मरणाची किंमत मोजतो तो भलताच कोणी. समजा, पहाटे देवदर्शन करून परतणारा एखादा कुटुंबप्रमुख अशा वाहनाच्या धडकेत गेला. विमा असता, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई विमा कंपनीने चुकती केली असती. विमा नसला की तो भार वाहनाच्या मालकावर व चालकावर पडतो. निकाल बाजूने लागतो. परंतु मालकापाशी एका जुन्या टेम्पोखेरीज काहीच नसेल, तर वसुली कशातून करायची? बुडीत उधारी म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. धडक देणारा पळून गेला आणि वाहनाचा मागच लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. कर्ता पुरुष गमावलेल्या घराला ती रक्कम किती काळ पुरणार?

अमेरिकेत विमा नसलेल्या चालकाकडून होणाऱ्या हानीसाठी आपल्याच पॉलिसीत वेगळे संरक्षण घेता येते. आपल्याकडे वाहनमालकाने स्वतः वाहन चालवताना मृत्यू वा कायमचे अपंगत्व आले, तर १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे. पण मागे बसलेली पत्नी किंवा पायी चालणारे वडील त्यात येत नाहीत. म्हणून घरातील प्रत्येक कमावत्या माणसाची स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी आणि सर्वांचा आरोग्य विमा असणे हाच विवेक. चूक कोणाची आणि समोरच्याचा विमा होता की नाही, या प्रश्नांवर त्या पॉलिसी अडून राहत नाहीत.

हे झाले स्वतःच्या घरापुरते. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरांनुसार, करांखेरीज, वर्षाला ७१४ रुपये आहे. विम्याविना वाहन रस्त्यावर आणल्यास पहिल्याच गुन्ह्याला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकते. दुकानातील मुलाच्या हाती परवान्याविना गाडी दिली, तर जखमीला दिलेली रक्कम कंपनी पुढे मालकाकडून वसूल करू शकते. पण दंड आणि वसुली ही कारणे दुय्यम होत. मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या श्रावकाच्या नावावरचे वाहन एखाद्या घराचा आधार हिरावून घेते आणि भरपाईची सोयही मागे ठेवत नाही, तेव्हा तो प्रमादच ठरतो.

त्याच महामार्गाच्या कडेने साधू-साध्वींचा विहार चालू असतो. ईर्यासमिती पाळत, जमिनीवर दृष्टी ठेवून ते चालतात. अपरिग्रही असल्याने त्यांच्याजवळ ना पैसा असतो ना पॉलिसी. त्यांचे रक्षण वाहन चालवणाऱ्याच्या सावधपणावरच अवलंबून असते. गोदामाच्या विम्याची तारीख जेथे टिपली जाते, त्याच पानावर पेढीच्या प्रत्येक वाहनाच्या विम्याची आणि चालकाच्या परवान्याची तारीखही टिपली जावी. अनोळखी माणसाचे हे देणे अपघातापूर्वीच चुकते करायचे असते.