म्हसावदची मीटिंग

म्हसावदला निघालात तर तिकीट जरा बघून काढा! रेल्वेचं म्हसावद स्टेशन जळगाव जिल्ह्यात आहे, आणि साताऱ्याकडचं ते म्हसवड. मला हवं होतं ते नंदुरबार जिल्ह्यातलं, शहाद्याहून तोरणमाळला जाताना लागतं ते. एसटीच्या खिडकीतून पपई, केळी, कापूस, ऊस... आणि समोर सातपुड्याची निळी भिंत. तोरणमाळला जाणारे टुरिस्ट इथे फार तर चहापुरते थांबतात. मी तीन दिवस राहिले.

कारण होतं एक ग्रूप प्रोजेक्ट.

मास कॉमचं मास्टर्स करायला मी इंग्लंडला होते तेव्हाची गोष्ट. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता इंग्रजी भाषांतरातून आम्हाला वाचायला होती. स्टेजवर बसून दुसऱ्यांची दुःखं सांगणारे आणि खाली बसून ती ऐकणारे, असा तिचा विषय. सेमिनारमध्ये मी तिच्यावर एकटीच पंधरा मिनिटं बोलले. (हो, त्यातली गंमत मला तेव्हा कळली नाही.)

त्याच टर्मला पाच जणांनी मिळून डॉक्युमेंटरी करायची होती. दोन इंग्रज, एक नायजेरियन, एक तैवानची मुलगी आणि मी. अजेंडा माझा, मिनिट्स माझे. दहा मिनिटांत हात वर करून विषय ठरला: शहरातले बेघर तरुण. तैवानची मुलगी काहीच बोलली नाही. मी धरून चाललो की तिचा होकार आहे. शेवटी एकमेकांना मार्क देण्याचा फॉर्म आला, त्यात मी तिच्याबद्दल लिहिलं, 'मीटिंगमध्ये सहभाग कमी'. तिचे मार्क घसरले. आणि फिल्म? कॅमेऱ्यासमोर एकही बेघर मुलगा बोलला नाही. सगळे एक्स्पर्टच बोलत राहिले.

शहाद्यालाही १९७२ मध्ये बाहेरून शिकलेली मुलं आली होती. आयआयटीत शिकलेले कुमार शिराळकर त्यांतले एक. इथल्याच अंबरसिंग महाराजांसोबत त्यांनी श्रमिक संघटना उभी केली. विषय होते आदिवासींच्या गेलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी. मग शिबिरांतून बायका बोलायला लागल्या आणि त्यांनी काढला तो दारूचा आणि मारहाणीचा विषय. नुसता काढून थांबल्या नाहीत, एकत्र जाऊन दारूची मडकीच फोडली! शहरातून आलेल्यांनी आधी अजेंडा छापून आणला असता, तर हा विषय त्यात असता का, कोण जाणे.

म्हसावदला ज्यांच्याकडे उतरले होते ते काका दुसऱ्या संध्याकाळी मला डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर घेऊन गेले. पाण्याची टाकी कुठे बांधायची, यावर बैठक होती. मी मनात हिशेब केला: अर्ध्या तासाचं काम. पण तीन तास झाले तरी विड्या ओढणं चालू, मधेच कुणाच्या बैलाची चौकशी, मग पुन्हा टाकी. काठावर बसलेली एक बाई शेजारणीच्या कानात काहीतरी म्हणाली. लगेच एका म्हाताऱ्याने बोलणं थांबवून तिला मोठ्याने विचारलं. तिचं म्हणणं, ठरत आलेल्या जागी पावसाळ्यात ओहोळाचं पाणी शिरतं. झालं! बैठक परवावर गेली.

परतताना मी विचारलं, "काका, हात वर करून मोजले असते तर पटकन झालं असतं ना?"

"झालं असतं ना, ताई," काका म्हणाले. "पण हरलेले घरी जाऊन रुसतात. मग टाकी फुटली की दुरुस्तीला कोण येणार?"

तिसऱ्या दिवशी स्टँडवर शहाद्याच्या गाडीची वाट बघत होते. जुना मेलबॉक्स उघडला, तिचं नाव टाकून शोधलं. प्रोजेक्टच्या दुसऱ्याच आठवड्यातला एक मेल होता, फक्त मला पाठवलेला. 'मीटिंगमध्ये पटकन बोलता येत नाही, म्हणून लिहून पाठवतेय.' सोबत तीन पानांची फाइल. मी ती कधी उघडलीच नव्हती. बेघर मुलं कॅमेऱ्यासमोर का बोलणार नाहीत आणि त्याऐवजी आपण काय करू शकतो, सगळं मुद्देसूद.

उत्तर लिहायला घेतलं. 'सॉरी' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. गाडी लागली तेव्हा दोन ओळी झाल्या होत्या. कंडक्टर ओरडला, "ताई, येताय ना?" मी मागच्या सीटवर बसून तिसरी ओळ लिहायला लागले.